दार ओढणीने बांधलेली गाडी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाळंतपण होऊन तिसऱ्या दिवशी एका बाईला घरी सोडायला १०२ ची गाडी निघाली. गाडीत ती, तिचं बाळ, सासू, पाड्यावरच्या आशाताई आणि पुढे चालक. मागच्या दाराची कडी महिनाभरापासून धड लागत नव्हती, म्हणून दार आतून ओढणीने बांधलं होतं. ओढणी कुणाची हे कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या कुठल्यातरी पेशंटची राहून गेली असावी. चढावर समोरून ट्रक आला, गाडी थांबली, पुन्हा निघताना जोराचा हिसका बसला, गाठ सुटली आणि दार सताड उघडलं. बाळंतिणीला बसायला बाक होता, पण बाकाला पट्टा नव्हता. तिच्या मांडीवरचं बाळ घसरून खालच्या पत्र्यावर आलं आणि दाराकडे सरकायला लागलं. आशाताईंनी एका हाताने बाळाचं दुपटं पकडलं आणि दुसरा हात दाराच्या चौकटीत अडकवला. बाळ वाचलं. आशाताईंचं मनगट मोडलं.

मैत्रिणींनो, ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. कुणी मेलं नाही ना! मला ती कळली चार दिवसांनी, आशाताई प्लास्टर घालून बैठकीला आल्या तेव्हा. सातपुड्याच्या पायथ्याला आमचं काम आहे. दवाखाना, रेशन, पोटगी, दारू, जे समोर येईल ते. समाजकार्याच्या पदवीत मला केस लिहायला शिकवलं होतं. मी आशाताईंची केस लिहून घेतली आणि संबंधित आरोग्य केंद्रात अर्ज घेऊन गेले. तिथे मला बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि एक कागद दाखवण्यात आला. गाडीचं योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला फिटनेस म्हणतो ते. मुदत संपायला अजून आठ महिने बाकी होते. "ताई, गाडी फिट आहे. हा बघा कागद."

कागद खोटा असेल असं मला वाटलं. बाहेर येऊन मी एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. कागद खरा होता. दार ओढणीने बांधलेली गाडी सरकारी दप्तरात सुरक्षित होती. कागद खोटा निघाला असता तर एका कारकुनाला धरता आलं असतं. खरा निघाल्यामुळे मला हा लेख लिहावा लागतो आहे.

हा कागद काय सांगतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रुग्णवाहिका हे परिवहन वाहन आहे. तिला परमिट लागत नाही, कायद्याच्या कलम ६६ मध्ये पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना तशी सूट आहे. पण फिटनेसची सूट नाही. कलम ५६ म्हणतं की योग्यता प्रमाणपत्र नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध धरायची नाही. म्हणजे कायदा ढिला नाही. मग तपासणी किती वेळा? गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी. आता हिशोब करा. साहेबाची गाडी सकाळी दहाला निघते आणि संध्याकाळी बंगल्यावर उभी राहते. आरोग्य केंद्राची गाडी रात्री दोनला निघते, खडीच्या रस्त्यावरून पाड्यावर जाते, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथे डॉक्टर नाही म्हणून जिल्ह्याचं रुग्णालय, आणि परत येते तोवर दुसरा फोन वाजलेला असतो.  दोन वर्षांत एकदा आरटीओच्या मैदानावर धुऊन-पुसून उभी केलेली गाडी पाहून पुढच्या सातशे रात्रींची हमी कशी देता येते?

आणि त्या दिवशी तरी काय पाहतात? ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, काच, धूर. हे पाहायलाच हवं. त्यातही काय प्रकार चालत ते महाराष्ट्राला माहीत आहे. ब्रेक तपासायला पुरेसा लांब ट्रॅकसुद्धा नसताना प्रमाणपत्रं वाटली जात होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाला एका जनहित याचिकेत २५० मीटरच्या ट्रॅकचा आग्रह धरावा लागला, हे गेल्या दशकातलंच आहे. २०२१ मध्ये केंद्राने यंत्रांवर तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम आणले. यंत्र आलं की चिरीमिरी थांबेल असं सांगतात. थांबली तर आनंदच आहे. पण यंत्र ब्रेकची ताकद मोजेल, धूर मोजेल, दिव्याचा झोत मोजेल. मागच्या बाकावर बसलेल्या ओल्या बाळंतिणीला धरायला काय आहे, हे कुठलं यंत्र मोजणार?

हा सगळा तपास चालकाच्या बाजूचा आहे. गाडीचा पुढचा अर्धा भाग. मागच्या अर्ध्या भागात कोण असतं? गरोदर बाई, बाळंतीण, डायलिसिसची म्हातारी, तापाने फणफणलेलं पोर आणि त्यांच्यासोबत आलेली सासू, आई, आशा. मागचा भाग बायकांचा आहे. तो कुणी तपासत नाही, हा मला योगायोग वाटत नाही. घरातही ओसरी सारवलेली असते आणि चुलीजवळच्या धुराला कुणी विचारत नाही.

मागच्या भागाचे नियमच नाहीत असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी याचं राष्ट्रीय मानक आहे, एआयएस १२५ नावाचं. स्ट्रेचर कसं अडकवायचं, पेशंटला पट्टे कसे हवेत, आतलं सामान उडू नये म्हणून काय करायचं, पेशंट नुसता नेण्याची गाडी कुठली आणि उपचार करत नेण्याची कुठली, हे सगळं त्यात आहे. केंद्र सरकारने ते २०१६ मध्ये अधिसूचित केलं आणि नव्या गाड्यांना २०१८ पासून लागू केलं. नव्या गाड्यांना! त्याआधीच्या गाड्या तशाच धावत राहिल्या. आणि नवी गाडी कारखान्यातून पट्ट्यासकट येते, पण वर्षभरात पट्टा तुटला, बकल हरवलं, स्ट्रेचरचा खटका मोडला, तर तो पुन्हा बसवला की नाही हे पाहणारा माणूस कुठल्याही तक्त्यात नाही. मानक गाडीच्या जन्माला हजर असतं, तिच्या संसाराला नाही.

आता कुणी म्हणेल, एका कडीचं काय घेऊन बसलात. तर तीन गोष्टी सांगते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात महामार्गावर एका रुग्णवाहिकेने पेट घेतला. त्यात एरंडोलहून जळगावला नेत असलेली एक गरोदर बाई आणि तिच्या घरची माणसं होती. चालकाला इंजिनातून धूर येताना दिसला. त्याने गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं, लांब पळायला सांगितलं. थोड्याच वेळात आतल्या ऑक्सिजनचा स्फोट झाला, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. बाई वाचली ती त्या चालकामुळे. त्या रात्री चालकाचं नाक तेवढं जागेवर होतं, बाकी सगळी व्यवस्था झोपलेली होती. त्या स्फोटाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मोबाईलवर पुढे पाठवला. त्यानंतर आपल्या तालुक्यातल्या गाडीतलं सिलिंडर कशाने बांधलं आहे हे जाऊन पाहिलेली बाई मला अजून भेटायची आहे. मीही तेव्हा पाहिलं नव्हतं.

दुसरी, ऑगस्ट २०२२, केरळातलं कोझिकोड. अपघातात जखमी झालेल्या माणसाला घेऊन रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात पोचली आणि तिचं दारच उघडेना. कुऱ्हाड आणून ते फोडावं लागलं. तो माणूस वाचला नाही. ज्या केरळच्या आरोग्यव्यवस्थेचे दाखले आपण भाषणात देतो तिथली ही गोष्ट, हे मुद्दाम सांगते.

तिसरी गोष्टही केरळचीच, सप्टेंबर २०२० मधली. कोविड झालेल्या १९ वर्षांच्या मुलीला उपचार केंद्रात नेताना रुग्णवाहिकेच्या चालकानेच तिच्यावर बलात्कार केला. तुम्ही म्हणाल, याचा गाडीच्या तपासणीशी काय संबंध? माझ्या मते थेट संबंध आहे. मागचं दार आतून उघडता येतं का? आतला दिवा पेशंटच्या हाताने लावता येतो का? गाडी कुठे आहे हे दाखवणारं यंत्र चालू आहे का आणि त्याकडे कुणी बघतं का? सोबत बाई कर्मचारी आहे का? सुरक्षा म्हटलं की वाहन खात्याला टायर आठवतो आणि आपल्याला पुरुष आठवतो. रात्री त्या गाडीत एकटी असलेल्या बाईला दोन्ही एकाच वेळी आठवत असतात. तिच्या डोक्यात ही दोन खाती वेगळी नाहीत.

या प्रश्नावर मी बोलायला लागले तेव्हा पहिला विरोध सरकारी माणसांकडून आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आला आपल्यातल्याच एका जुन्या कार्यकर्तीकडून, जिच्याकडून मी काम शिकले. ती म्हणाली, "अगं, अजून पाड्यावरून बाईला झोळीत घालून खाली आणतात. गाडी मिळत नाही म्हणून बाया रस्त्यात बाळंत होतात. आणि तू गाडीच्या कडीवर अर्ज करतेस? उद्या ते गाडीच बंद करतील. मग?"

हा प्रश्न मी झटकणार नाही, कारण तो खरा आहे. ज्या भागात मी काम करते तिथे बांबूला झोळी बांधून चार माणसं बाईला डोंगर उतरवून आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात एका गरोदर बाईला वेळेवर सुसज्ज रुग्णवाहिका मिळाली नाही आणि सिल्वासाला नेताना वाटेत तिचा जीव गेला. मातामृत्यूच्या अभ्यासात तीन विलंब शिकवतात. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ मध्ये ते मांडले. दवाखान्यात जायचं हे ठरवायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. आपली सगळी चळवळ दुसऱ्या विलंबावर लढली, गाडी द्या म्हणून. त्या लढ्यामुळेच आज १०२ आहे, २०१४ पासून १०८ च्या ९३७ गाड्या राज्यात आल्या, आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी असा तिन्ही प्रवास फुकट देण्याचं सरकारने लिहून दिलं. ही कमाई लहान नाही.

पण "आहे ती गाडी बंद पडेल" ही भीती आपल्याला कुणी शिकवली? रेशनच्या दुकानात किडका गहू आला तर आपण म्हणतो का, की राहू द्या, ओरडलो तर दुकान बंद होईल? एकेकाळी म्हणत होतो. आता म्हणत नाही. तिथे आपण ठामपणे सांगतो की धान्य हा हक्क आहे आणि ते खाण्यालायक असणं हा त्याच हक्काचा भाग आहे. गाडीच्या बाबतीत मात्र आपण अजून उपकार घेतल्यासारखं वागतो. एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला तेच ऐकवलं, "ताई, गाडी मिळते आहे हेच नशीब समजा." गंमत अशी की हेच वाक्य मी सासरी त्रास असलेल्या मुलींच्या आयांकडून ऐकते. नवरा आहे हेच नशीब समज.

गाडी बंद होण्याची भीती अगदीच खोटी नाही, हेही कबूल करते. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं. निर्णय योग्यच होता. पण आमच्याकडे एक जुनी गाडी त्या दिवशी आवारात उभी राहिली ती राहिलीच, तिच्या जागी दुसरी यायला बरेच महिने लागले, आणि त्या महिन्यांत बायका काळी-पिवळीतून, बकऱ्यांच्या शेजारी बसून दवाखान्यात आल्या. म्हणून आपली मागणी नुसती "तपासा" अशी असून चालणार नाही. "तपासा, आणि नापास झाली तर त्याच दिवशी दुसरी द्या" अशी पाहिजे. एसटी बिघडली तर महामंडळ मागून दुसरी गाडी पाठवतं, उशिरा का होईना. बाळंतिणीसाठी जिल्ह्याला दोन-तीन राखीव गाड्या ठेवणं सरकारला जमत नाही असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

चालकांबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धा राहील, कारण कुठलाही अपघात झाला की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. आशाताईंच्या वेळीही तेच झालं. चौकशीत "चालकाचा निष्काळजीपणा" असं लिहिण्याचं चाललं होतं. मी त्या चालकाशी बोलले. पोरगा कंत्राटी आहे, पगार दोन-दोन महिने उशिरा येतो. त्याने कडीबद्दल दोनदा तोंडी सांगितलं होतं. लेखी का दिलं नाही? "ताई, लेखी दिलं की दुसऱ्या महिन्यात माझा नंबर." हेडलाईटचा बल्ब त्याने स्वतःच्या पैशाने टाकला होता. ओढणी बांधली तीही त्यानेच, कारण दुसरा मार्ग गाडी न नेण्याचा होता, आणि गाडी नेली नाही तर बाळंतीण उन्हात बसून राहिली असती. या पोराला दोषी ठरवून कुणाची सोय होते ते पाहा. गाडी सरकारची, दुरुस्तीचं बिल कंत्राटदाराकडे, डिझेल तिसऱ्याच हिशोबात, फिटनेस परिवहन खात्याचं, पेशंट आरोग्य खात्याचा. इतक्या हातांत वाटलेली जबाबदारी शेवटी ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या गळ्यात पडते. गाडी सुरक्षित नाही असं लेखी देण्याचा आणि ती न चालवण्याचा हक्क चालकाला मिळाला पाहिजे, नोकरीला धक्का न लागता. ही मागणी त्यांच्या संघटनेने करायची, आपण का करायची, असं काही मैत्रिणींना वाटतं. मला वाटत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाच्या हातात आपण बाई देतो आहोत.

आणि आशाताई? त्यांचं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. आशा ही स्वयंसेविका, तिला मोबदला कामाप्रमाणे. म्हणजे दीड महिना काम नाही तर मोबदला नाही. विमा आहे म्हणतात. २०१८ मध्ये आशांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत घेतलं, पण ती योजना मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला पैसे देते. मोडून जुळलेलं मनगट त्यात कुठेच बसत नाही. त्या मला म्हणाल्या, "पोराला सोडलं असतं तर हात वाचला असता." मग स्वतःच हसल्या. मी हसू शकले नाही.

विम्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते, कारण गटांना याची माहिती कमी आहे. फिटनेसची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हात वर करते. नंतर न्यायाधिकरणात पैसे मिळतातही, पण वर्षं जातात. जिथे आरोग्य केंद्र भाड्याची खासगी जीप लावतं तिथे तर जास्त घोळ. नुसता कायद्यापुरता विमा उतरवलेली खासगी गाडी असेल, तर आत बसलेल्या माणसाची जबाबदारीच विमा कंपनी नाकारते. आणि आत बसलेली बाई "काही करत नाही", घरीच असते, तेव्हा तिच्या जिवाची किंमत काय हा प्रश्न येतो. २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३००० रुपये धरली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितलं की घरकाम हे काम आहे आणि त्याची किंमत धरलीच पाहिजे. त्या निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे. मुख्य काम घरकाम असं सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी, आणि पुरुष जेमतेम ५८ लाख. आपण या निकालाचं स्वागत केलं, अभ्यासवर्गात तो वाचला. पण मेल्यावर किंमत ठरवायला कोर्टात उभं राहणाऱ्या आपण, ती जिवंत असताना तिला बसवायच्या बाकाला पट्टा आहे का ते पाहायला कधी गेलो?

नसबंदीच्या शिबिरांचंही असंच. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात शिबिरानंतर डझनभराहून अधिक बायका मेल्या, देश हादरला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची पद्धतच तीन वर्षांत संपवायला सांगितलं. आपण औषधांवर, निर्जंतुक हत्यारांवर, ऑपरेशनच्या टेबलांवर बोललो. बरोबरच होतं. पण ऑपरेशन झालेल्या बायका घरी कशा जातात? मी पाहिलं आहे. एका गाडीत सहा जणी, दोघी बाकावर, बाकीच्या खाली सतरंजीवर, पोटावर हात ठेवून, प्रत्येक खड्ड्याला दात आवळत. फिटनेसच्या कागदावर त्या गाडीची आसनं किती लिहिली होती हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तर मी कुणाला विचारलं असतं? हा माझ्यावरचाही आरोप आहे.

आता काय करायचं त्याविषयी. आमच्या गटाने जे सुरू केलं ते सांगते, त्यात चुका असतील, दुरुस्त्या कळवा.

आम्ही महिन्यातून एकदा, आधी कळवून, गाडी बघायला जातो. पहिल्या वेळी आवारात हसू झालं. "आता बाया गाडी तपासणार!" आमच्यातल्या एकीचा भाऊ गॅरेजमध्ये काम करतो, त्याच्याकडून आम्ही दोन दुपार शिकून घेतलं. फार अवघड नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या ३२ व्या आठवड्यातला. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर नियमाने रस्त्यावर चालत नाही, आणि खाचेत एक उंचवटा दिलेलाच असतो, नक्षी झिजून त्याला टेकली की संपलं. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का आणि मुदत कधीची. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचायची, आणि सिलिंडर दोन्ही हातांनी हलवून पाहायचं. हललं तर ते वळणावर पेशंटवर येणार. स्ट्रेचरवर आमच्यातली सगळ्यांत वजनदार मैत्रीण झोपते, पट्टे बांधते आणि आम्ही तिला ढकलतो. (तिला हे काम आवडतं.) मागचं दार आतून आणि बाहेरून दहादा उघडून बघायचं. पायरी किती उंच आहे ते बघायचं. नऊ महिन्यांच्या पोटाने ती चढता येईल का, हे आरटीओच्या तक्त्यात नाही, आमच्या वहीत आहे.

गाडीचा नंबर ॲपमध्ये टाकून फिटनेसची आणि विम्याची तारीख उतरवतो. दुरुस्तीच्या नोंदवहीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. जे सापडेल ते दोन प्रतींत लिहून एक वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक रुग्ण कल्याण समितीला देतो आणि पोच घेतो. पोच महत्त्वाची. पुढे काही झालंच तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य कुणाला बोलता येऊ नये, एवढ्यासाठी.

हे काम सरकारचं आहे, आपण फुकटात का करायचं, हा आक्षेप मला मान्य आहे. कायमचं करायचंच नाही. तपासणी वर्षातून एकदा आरटीओने आणि दर महिन्याला आरोग्य खात्याने करावी, पावसाळ्याआधी एकदा कसून करावी, तीत पेशंटच्या बाजूची बाई असावी, आणि निकाल गाडीच्या दारावर आणि केंद्राच्या फलकावर मराठीत लावावा, ज्या तारखेला तपासली ती तारीखसुद्धा. हॉटेलच्या भिंतीवर परवाना लावतात तसा. कागद फाईलमध्ये राहिला की तो साहेबाचा होतो, दारावर आला की वाचणारीचा होतो. वाचता न येणाऱ्या बायांसाठी हिरवा आणि लाल ठिपका चालेल. ही मागणी आम्ही जिल्हा परिषदेला दिली आहे. उत्तर आलेलं नाही. तुमच्या जिल्ह्यातून तुम्हीही द्या, शब्द बदलले तरी चालतील.

त्या गाडीला कडी बसली. अर्ज दिल्यानंतर चौथ्या महिन्यात. बाकाला पट्टा अजून नाही, "वरून मंजुरी" यायची आहे. ओढणी आशाताईंनी मागून घेतली, धुतली, आणि आता ती बैठकीत असते. पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे. एक टॉर्च कमी पडते, एक गाडीखाली लागते आणि एक आत.